जुन्या गाडीत ड्रायव्हरची नवी सीट बसवताना आधी खाली बघा

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढत होतो. वर ट्रकांची रांग लागलेली. पुढचा ट्रक हलला म्हणून मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि खालून ‘खट्’ असा आवाज होऊन सीट मला घेऊन सरळ मागे गेली. पाय ब्रेकपर्यंत पोचेना. गाडी बंद पडून उतारावर मागे यायला लागली. शेजारी बसलेल्या नानांनी हँडब्रेक ओढला म्हणून मागच्या पिकअपच्या हातभर अलीकडे थांबलो.

गाडी १९९६ ची मारुती ८००, एमएच-१९ पासिंग, नानांनी स्वतः घेतलेली. सीट मात्र नवी होती. पंधरा दिवसांपूर्वीच एका गॅरेजात बसवून घेतली होती. फोम उत्तम, कव्हर देखणं, हेडरेस्ट वर-खाली होणारं. बसल्यावर वाटायचं, पैसे कारणी लागले. घरी येऊन सीट उघडली तेव्हा कळलं की दोन रनरपैकी, म्हणजे सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते त्या पट्ट्यांपैकी, एकाच्याच कुलपाचा दात खाचेत बसत होता. दुसरा रनर जरा तिरका वेल्ड केला होता, म्हणून त्याचा दात खाचेच्या काठावर नुसता टेकलेला असायचा. एवढे दिवस माझं सगळं वजन एका दातावर होतं.

त्यानंतर ते काम मी स्वतः पुन्हा केलं. चाळीसगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शेजारी उभं राहून करून घेतलं असं म्हणणं जास्त खरं. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “भो, पहिले खाले दख, मंग वर दख.” सीट घेणारा माणूस गादी दाबून बघतो, शिलाई बघतो, रंग बघतो. पण सीट गाडीला जिथे धरलेली असते ती जागा गादीखाली असते. पुढे जे लिहिलंय ते बहुतेक त्या खालच्या जागेबद्दलच आहे. उदाहरणं मारुती ८०० ची दिली आहेत, कारण १९८३ ते २०१४ अशी तीस वर्षं निघालेली ही गाडी अजून आपल्याकडे गावोगाव दिसते. ओम्नी, जिप्सी, जुनी जीप यांना तत्त्व तेच, मापं वेगळी. ओम्नीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: इंजिन पुढच्या सीटांखाली आहे. नवी सीट उचलून इंजिनपर्यंत हात जाईल, असंच बसवावं लागतं.

खरंच बदलायची का?

आधी हे ठरवा. सीटचा फोम बसला, कंबर खड्ड्यात जाते, एवढीच तक्रार असेल तर सीट बदलू नका. कुशनवाल्याकडे सांगाडा घेऊन जा, जास्त घनतेचा फोम आणि खालच्या स्प्रिंगा बदलून घ्या. कंपनीचा सांगाडा, कंपनीचे रनर, कंपनीचे बोल्ट जागच्या जागी राहतात. यासारखं सुरक्षित काम दुसरं नाही आणि खर्चही कमी.

सीट बदलायची ती सांगाड्याला तडा गेला असेल, पाठ मागे पाडायचा खटका झिजून पाठ डुलत असेल, रनर गंजून खाल्ले असतील किंवा हेडरेस्टच नसेल तर. पाठ पकडून पुढे-मागे हलवा. बोटभर हलली तर खटका गेला. सीट पूर्ण पुढे घेऊन मागून टॉर्च मारा आणि पाठ व बैठक जिथे जोडली आहे तिथली वेल्डिंग बघा. रंगाला बारीक केसासारखी भेग दिसली की ती नुसत्या रंगाची असं समजू नका, तारेच्या ब्रशने घासून खालचं लोखंड बघा.

कोणती सीट घ्यावी

बाजारात तीन प्रकार मिळतात. दुसऱ्या मॉडेलची जुन्या बाजारातली सीट, नवीन तयार मिळणारी पाठ कलणारी सीट, आणि शर्यतीच्या गाडीसारखी एकसंध बकेट सीट. रोजच्या गाडीला तिसरी घेऊ नका. तिला चार-पाच पट्ट्यांचा बेल्ट लागतो. आपला साधा तीन टोकांचा बेल्ट तिच्या उंच कडांवरून जातो आणि कमरेला टेकतच नाही. शिवाय घरातली चार माणसं एकच गाडी चालवतात, त्यांना पाठ कमी-जास्त कलती करावी लागते.

जुन्या बाजारातली घ्यायची तर अपघातातल्या गाडीची घेऊ नका. अपघातात सांगाडा वाकलेला वरून दिसत नाही. सीट सपाट फरशीवर ठेवून बघा, चारही पाय टेकले पाहिजेत. पुरातून निघालेल्या गाडीची सीट ओळखायची खूण म्हणजे बेल्टच्या बकलात आणि रनरच्या खाचेत बसलेली गाळाची पांढरट रेघ.

अलीकडच्या गाड्यांच्या सीटखाली पिवळ्या रंगाचं कनेक्टर लोंबत असेल, तर ती सीट सोडून द्या. पिवळं कनेक्टर म्हणजे आत बारूद आहे: बाजूची एअरबॅग किंवा बेल्ट झटक्यात आवळणारं यंत्र. आपल्या जुन्या गाडीत ते चालवणारी यंत्रणा नाही, त्यामुळे उपयोग शून्य. आणि कोणी टेस्टरची पिन लावून तपासायला गेलं तर ती तोंडावर फुटू शकते.

आता बकलाचं. माझ्या मारुतीत बेल्टचं बकल गाडीच्या फरशीला बोल्ट केलेलं आहे. सीट नुसती बसायला. नव्या गाड्यांत बकल बहुधा सीटच्या सांगाड्यालाच असतं. अशी सीट जुन्या गाडीत बसवली आणि तिचंच बकल वापरलं, तर टक्कर होताना तुमचं वजन सीटच्या चार बोल्टांवर येतं. ती ताकद घ्यायला तिथला पत्रा मुळात बनवलेलाच नाही. म्हणून गाडीचं मूळ बकल मूळ जागीच ठेवा आणि सीटवरचं काढून टाका. बेल्टचा बोल्ट सहसा ७/१६ इंची, बारीक आट्यांचा असतो. तो हरवला म्हणून डब्यातला दहाचा बोल्ट ठोकून बसवू नका. दिसायला जवळपास सारखे दिसतात, पण आटे जुळत नाहीत.

आणि रंग. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीतल्या काळ्या रेक्झिनवर दुपारी मांडी टेकवत नाही. फिका रंग आणि कापडी कव्हर घ्या. रेक्झिन हवंच असेल तर फक्त कडांना.

मापं

सीट विकत घेण्याआधी गाडीत चार मापं घ्या. दाराच्या उंबऱ्यापासून हँडब्रेकपर्यंतची रुंदी. डाव्या-उजव्या रनरमधलं अंतर, बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत. पुढच्या-मागच्या बोल्टमधलं अंतर. आणि जुन्या सीटवर बसून गादीपासून छतापर्यंतची उंची. शेवटचं माप घेताना तुम्ही स्वतः बसलेले असा आणि फोम दबलेला असू द्या. तयार सीट मूळ सीटपेक्षा जाड असतात, इंच-दोन इंच उंची सहज वाढते. डोकं आणि छत यांत चार बोटं तरी हवीत. शेतरस्त्याच्या खड्ड्यात चार बोटंही कमी पडतात.

जुन्या गाडीची फरशी सपाट नसते. पुढचे बोल्ट एका उंचीवर, मागचे दुसऱ्या, कधी आतला-बाहेरचा फरकही. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन चार भोकं नेमकी उतरवून घ्या आणि प्रत्येक भोकाशेजारी उंची लिहा. सीट आणि फरशी यांच्यामधला लोखंडी जोड करून देणाऱ्या लेथवाल्याला हा पुठ्ठा दाखवला की त्याला तोंडी काही समजावावं लागत नाही.

जुनी सीट काढणं

आदल्या रात्री चारही बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. गाडीखाली वाकून बोल्टची टोकं बाहेर आली असतील तर तिथली माती तारेच्या ब्रशने आधी काढा. आपली काळी माती वाळली की सिमेंटसारखी होते. ती आट्यांत असताना बोल्ट फिरवला की आटे खाल्ले जातात. काम सकाळी सातला सुरू करा. उन्हाळ्यात दहानंतर बंद गाडीत वाकून बसवत नाही.

हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा. सीट पूर्ण मागे सरकवून पुढचे दोन बोल्ट सैल करा, मग पूर्ण पुढे घेऊन मागचे दोन. माझ्या गाडीला १२ चा पाना लागला. बॉक्स पाना किंवा रिंग पाना घ्या, फिक्स पान्याने बोल्टचं डोकं गोल होतं. बोल्ट अडला तर जोर वाढवू नका. थोडा आवळा, थोडा सोडा, पुन्हा तेल, पुन्हा आवळा. आतला नट पत्र्याला वेल्ड केलेला असतो. तो सुटून गोल फिरायला लागला तर पत्रा कापावा लागेल. सीट बाहेर घेताना उंबऱ्यावर जुनं गोधडं टाका, रनरचे कोपरे रंग सोलून काढतात.

फरशी

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि घाईत हाच सुटतो. सीट निघाली की मॅट आणि तिच्याखालचं तागाचं किंवा फेल्टचं अस्तर उचला. ओल तिथे राहते. पायाला लागून आलेली चिखलाची माती, काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी, सगळं त्या अस्तरात मुरतं आणि पत्रा वर्षानुवर्षं ओला राहतो. वरून गाडी चकचकीत असते.

स्क्रूड्रायव्हरची मूठ घेऊन बोल्टच्या भोकांभोवती ठोकत जा. चांगला पत्रा ‘टण्’ वाजतो. सडलेला ‘थप्’ वाजतो आणि आवाज तिथल्या तिथे मरतो. माझ्या गाडीत मागच्या बाहेरच्या भोकाजवळ असा आवाज आला. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर उलटा धरून टोक दाबलं तर ते बिस्किटात जावं तसं आत गेलं. रंगाचा पापुद्रा, त्याखाली तपकिरी भुगा, आणि भुग्याखाली सरळ जमीन दिसली. त्या भोकावर मी पंधरा दिवस बसून घाट चढलो होतो.

सडका पत्रा निघेल तेवढा कापा, जिथे चमकणारं लोखंड लागेल तिथपर्यंत. सडक्यावर दुसरा पत्रा चिकटवून वेल्ड मारू नका. आत गंज चालूच राहतो. वेल्डिंगआधी बॅटरीची ऋण बाजू काढा, अस्तर आणि मॅट पूर्ण बाहेर ठेवा, आणि खाली वाकून पेट्रोलची नळी कुठून जाते ते डोळ्यांनी बघा. मारुतीत टाकी मागे आहे आणि नळ्या फरशीखालून इंजिनकडे येतात. ब्रेकच्या नळ्याही तिथेच. अग्निशामक सिलिंडर हाताशी असल्याशिवाय मिस्त्रीला ठिणगी पाडू देऊ नका. काम झालं की गंजरोधक लाल ऑक्साइड, वर रंग, खालून अंडरकोट.

ब्रॅकेट आणि बोल्ट

नव्या सीटची भोकं जुन्या भोकांवर येणार नाहीत. ती जुळवायला मध्ये ब्रॅकेट लागतं. मिळालं तर तुमच्या गाडीचं तयार ब्रॅकेट घ्या. नाही मिळालं तर लेथवर ५ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचं करून घ्या. ब्रॅकेट गाडीच्या मूळ चार भोकांना बोल्ट होईल आणि नवी सीट ब्रॅकेटला बोल्ट होईल, अशी रचना हवी. मूळ भोकांखाली कंपनीने पत्रा दुहेरी केलेला असतो, त्याचा फायदा सोडू नका.

रनरला कधीही वेल्ड मारू देऊ नका. रनर म्हणजे एकात एक सरकणारे दोन पत्रे. उष्णतेने ते वाकतात, आणि वाकले की कुलपाचा दात खाचेत बसत नाही. माझ्या सीटचं नेमकं हेच झालं होतं. उंची जुळवायला वॉशरची चळतही लावू नका. जाड नळीचा तुकडा कापून, दोन्ही टोकं लेथवर सपाट करून, तो मध्ये घाला.

नवं भोक पाडायची वेळ आलीच तर खालून जाड पट्टी हवी. नुसत्या पत्र्यात बोल्ट घातला तर धक्क्याला तो पत्रा फाडून वर येतो. मोटर शर्यतींची जागतिक संस्था एफआयएचा नियम इथे उपयोगी पडतो: सीटला चार जागी आधार, बोल्ट किमान ८ मिलिमीटर, लोखंडी आधार किमान ३ मिलिमीटर जाडीचा आणि प्रत्येक जागी पट्टी पत्र्याला किमान ४० चौरस सेंटिमीटर टेकलेली. म्हणजे साधारण साडेसहा सेंटिमीटरचा चौकोन. आपण शर्यत खेळत नाही, पण लोखंडाला ते माहीत नसतं. पट्टीचे कोपरे घासून गोल करा, टोकदार कोपरा पत्रा चिरतो.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं असलं पाहिजे. काहीच लिहिलेलं नसेल तर तो बोल्ट शेडच्या पत्र्यासाठी ठेवा. स्टीलचे चकचकीत बोल्ट दिसायला छान असतात, पण हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे सहसा ८.८ इतके मजबूत नसतात.

बसवणं

चारही बोल्ट हाताने तीन-चार आटे फिरवून लावा. हाताने फिरत नसेल तर भोक जुळलेलं नाही. पान्याने ओढून जुळवायचं नाही, ब्रॅकेट काढून भोक दुरुस्त करायचं. चारही लागले की दोन रनरमधलं अंतर पुढे मोजा, मागे मोजा, मग तिरकं, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजा. सगळं जुळलं की आलटून-पालटून, तिरक्या क्रमाने आवळा.

गाडीच्या पुस्तिकेत टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा ते माप, दिला असेल तर तोच पाळा. नसेल तर ८.८ च्या ८ मिलिमीटर बोल्टला साधारण २५ न्यूटन-मीटर, १० मिलिमीटरला ४५ च्या आसपास. टॉर्क पाना नसलेल्यांसाठी अंदाज असा: २५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला १० किलोचा भार म्हणजे जवळजवळ २५ न्यूटन-मीटर. पान्यात पाइप घालून लटकू नका, आठचा बोल्ट तेवढ्याने तुटतो.

मग कुलपाची परीक्षा. दार उघडं ठेवा, जमिनीवर बसा, टॉर्च रनरवर मारा आणि दुसऱ्या माणसाला सीट एकेक खाच सरकवायला सांगा. प्रत्येक खाचेला दोन्ही बाजूंचे दात आत जाताना डोळ्यांनी दिसले पाहिजेत. नुसता आवाज ऐकून समाधान मानू नका, माझ्या सीटचाही आवाज येत होता. दोन्ही कुलपांना जोडणारी तार किंवा सळई सैल असेल तर एक दात आधी सुटतो. ती ताणून घ्या. शेवटी पाय समोरच्या पत्र्याला टेकवून, पाठीने सगळा जोर लावून सीट मागे रेटा. प्रत्येक खाचेत.

बसून बघा

क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा. खांदे पाठीला टेकलेले असताना हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडावं. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी हवी, मानेइतकी नाही. पाठ स्टिअरिंगच्या समोर सरळ येते का तेही बघा. सीट दोन सेंटिमीटर जरी डावीकडे बसली तरी जळगावहून धुळ्याला जाईपर्यंत कंबर बोलायला लागते.

बेल्ट लावा. खालची पट्टी कमरेच्या हाडावरून गेली पाहिजे, पोटावरून नाही. सीट उंच झाली की बकल गादीच्या कडेला बुडतं आणि सीटची कड पट्टी उचलून धरते. तसं झालं तर उंची कमी करा. बकल लांब करायला मध्ये पट्टी जोडू नका. मग घरात जे जे गाडी चालवतात त्यांना एकेक करून बसवा. आमच्याकडे वहिनींची उंची पाच फूट, नवी सीट पूर्ण पुढे घेऊनही क्लचला पाय ताणावा लागत होता. ब्रॅकेटची भोकं ३ सेंटिमीटर पुढे घेतली तेव्हा जमलं.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात. ताशी २०-३० च्या वेगाने दोन-चार वेळा जोरात ब्रेक, मग चढावर थांबून पुन्हा उचला. आठवड्याने चारही बोल्ट पुन्हा तपासा. नवा रंग दबून बोल्ट थोडे सैल होतात, घाबरू नका.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या नोंदीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सीटची संख्या नोंदीत असते, म्हणून सीट कमी-जास्त करू नका. एकाच्या जागी एक, मूळ बेल्टसकट. बेल्ट काढून टाकला आणि तो न लावता गाडी चालवली तर कलम १९४बी खाली १००० रुपये दंड आहेच. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते, तेव्हा गाडी आरटीओत दाखवावी लागते. त्याआधी काम पक्कं झालेलं असावं, आणि विमा कंपनीलाही दोन ओळी लिहून कळवावं.

जुनी सीट भंगारात देऊ नका. तिचे चार बोल्ट आणि वॉशर प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून सांगाड्याला तारेने बांधा, रनरला ग्रीस लावा आणि माळ्यावर ठेवा. गाडी विकताना घेणाऱ्याला मूळ सीट हवी असते. तोपर्यंत नव्या सीटला काही झालं तर मोजायला मूळ मापं जवळ असतात.